काट्यांची साक्ष

जुन्या जेट विमानांच्या कॉकपिटचा विषय निघाला की हल्ली एक आकडा हमखास पुढे केला जातो. जुन्या बोइंग ७४७ मध्ये दिवे, तबकड्या आणि स्विच मिळून ९७१ होते. १९८९ मध्ये सेवेत आलेल्या ७४७-४०० मध्ये स्क्रीन आले आणि ही संख्या ३६५ वर उतरली. म्हणजे जुनं ते सगळं गोंधळाचं, असं ठरवून मंडळी मोकळी होतात. आकडा खरा आहे, निष्कर्ष मला मान्य नाही. त्या ९७१ पैकी मोठा हिस्सा फ्लाइट इंजिनिअरच्या पॅनेलवर होता. वैमानिकाची नजर सतत फिरायची ती मोजक्या तबकड्यांवरून, आणि ते फिरणं हीच खरी विद्या होती. कोणत्याही काट्याची साक्ष दुसऱ्याशी पडताळल्याशिवाय मानायची नाही, हे इन्स्ट्रुमेंट शॉपमध्ये आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलं जाई.

मांडणी सर्वांना ठाऊक आहे: मधोमध होरायझन (विमानाचा कल दाखवणारं कृत्रिम क्षितिज), डावीकडे वेग, उजवीकडे उंची, खाली दिशा. हायड्रॉलिक, वीज, केबिनचा दाब, रेडिओ यांची पॅनेलं महत्त्वाची खरी, पण त्यांच्यापाशी आज थांबत नाही.

उंचीमापकापाशी मात्र थांबायलाच हवं. सुरुवातीच्या उंचीमापकांना तीन काटे असत आणि घाईत बघणाऱ्याची सरळ दहा हजार फुटांची चूक होई. २४ डिसेंबर १९५८ रोजी इंग्लंडमध्ये एक ब्रिटानिया विमान चाचणी उड्डाणात अशाच वाचनामुळे जमिनीवर आदळलं. पुढे हजारांचे आकडे फिरत्या ड्रमवर आले. पण जेटनं एक नवीच अडचण आणली. पिस्टन इंजिनांच्या विमानात सगळं पॅनेलच थरथरायचं, त्यामुळे आतली बारीक दातेरी चाकं मोकळी राहत. जेट इतकं शांत उडे की काटा अडकून बसे आणि मग एकदम उडी मारे. म्हणून उंचीमापकाच्या पोटात छोटा व्हायब्रेटर बसवावा लागला. टेस्ट बेंचवर कान जवळ नेला की त्याची बारीक गुणगुण ऐकू येई. ती थांबली असेल तर काचेवर बोटानं टिचकी मारायची आणि काटा सरकतो का ते पाहायचं.

इंजिनांच्या तबकड्यांवर माझा विशेष जीव. ७०७ मध्ये चार इंजिनांचे चार स्तंभ शेजारी शेजारी असत: दाबाचं गुणोत्तर म्हणजे ईपीआर, फिरण्याचा वेग, एक्झॉस्टचं तापमान, इंधनाचा प्रवाह. एक काटा बाकीच्या तिघांहून वेगळा झुकला की आकडा वाचण्याआधीच डोळ्याला खुपे. आडवं वाचायचं ते इंजिनांची आपसात तुलना करायला, उभं वाचायचं ते एकाच इंजिनाचं म्हणणं तपासायला. हे उभं वाचन राहून गेलं की काय होतं, ते १३ जानेवारी १९८२ ला वॉशिंग्टनमध्ये दिसलं. एअर फ्लोरिडाच्या ७३७ च्या इंजिनांमधली दाब मोजणारी नळी बर्फानं बुजली होती. ईपीआर २.०४ दाखवत होता, प्रत्यक्षात होता १.७०. दोन्ही इंजिनांचे काटे सारखेच चुकत होते, म्हणून आडव्या वाचनात काही कळण्यासारखं नव्हतं. खालच्या तबकड्या मात्र कमी ताकद दाखवत होत्या. सहवैमानिकाला शंकाही आली होती. विमान पोटोमॅक नदीत कोसळलं.

आणि आपलं स्वतःचं दुःख, 'एम्परर अशोक'. एअर इंडियाचं पहिलं ७४७. १ जानेवारी १९७८ च्या रात्री ते सांताक्रूझहून दुबईला निघालं. समोर काळा समुद्र; बाहेर क्षितिज दिसण्याचा प्रश्नच नव्हता. उजवं वळण घेऊन विमान सरळ झालं, पण कॅप्टनपुढचा होरायझन उजवीकडे कललेलाच राहिला. त्या कलाला उत्तर म्हणून विमान डावीकडे वळवलं गेलं, आणखी वळवलं गेलं, आणि ते वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. २१३ माणसं गेली. कॉकपिटात होरायझन तीन होते: कॅप्टनपुढे, सहवैमानिकापुढे आणि मध्ये राखीव. फ्लाइट इंजिनिअरनं शेवटच्या क्षणांत तिकडे लक्ष वेधण्याचा प्रयत्न केला, हे ध्वनिमुद्रणात आहे. वेळ मात्र उरली नव्हती. ही घटना आठवली की तिसरा माणूस कॉकपिटातून काढल्याचा आनंद साजरा करणाऱ्यांशी माझं आजही जमत नाही.

स्क्रीननं हे संपलं, असं सांगणाऱ्यांना १ जून २००९ ची आठवण देतो. एअर फ्रान्सचं ए-३३०, कॉकपिटात सगळे स्क्रीन. अटलांटिकवर वेग मोजणाऱ्या पिटो नळ्या बर्फानं बुजल्या, वेगाचे आकडे भरवशाचे राहिले नाहीत, आणि २२८ माणसं गेली. आकडा काट्यानं दाखवा की काचेवर उमटवा, हवा नळीतूनच येते.

आजची मुलं स्क्रीनवर आलेला संदेश झटकन वाचतात, त्याची पडताळणी करायला मात्र त्यांना कुणी शिकवत नाही. जुनी पॅनेलं भंगारात जातात, नाहीतर दिवाणखान्यात. मुंबई-पुण्यातल्या विमान देखभालीच्या प्रशिक्षण संस्थांना माझी कळकळीची विनंती आहे: असं एखादं पॅनेल मिळालं तर काचेच्या कपाटात ठेवू नका. त्याला वीज द्या, पिटो-स्टॅटिक टेस्ट सेट जोडा, एक तबकडी मुद्दाम बिघडवा, आणि कोणती ते न सांगता मुलांना त्यापुढे बसवा.