विमानाचा सव्वा तास आणि व्यापाऱ्याचा हिशेब

जळगावहून विमाने सुरू झाल्यापासून दुकानात बसणारी तरुण मंडळी आम्हाला विचारतात, "चाचा, मुंबई आता तासाभरावर आली ना?" व्यापारी बांधवांनी हा हिशेब एकदा नीट मांडून पाहावा.

जळगाव ते मुंबई रेल्वेने ४२० किलोमीटर. लोहमार्ग मनमाड, नाशिक करीत कसाऱ्याचा घाट उतरतो, म्हणून लांब पडतो. आकाशातली सरळ रेघ साधारण ३५५ किलोमीटर. या मार्गावरची पंख्याची लहान विमाने ताशी पाचशेच्या आसपास चालतात, म्हणजे पाऊण तास पुरायला हवा. पण तिकिटावर तासाच्या वरच वेळ असते. कारण ती वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा उभे राहीपर्यंतची. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच कामी येते. गर्दी असली की वर घिरट्या घालाव्या लागतात.

आता धरणगावचा माणूस. घरून विमानतळ सव्वा तास. काउंटर तासभर आधी बंद होते, म्हणून दीड तास आधी हजर. विमानाचा सव्वा तास, बॅग घेऊन बाहेर पडायला अर्धा आणि सांताक्रूझहून काळबादेवी आणखी सव्वा. झाले पावणेसहा तास! जळगावची रात्रीची गाडी धरली तर एकूण नऊ तास लागतात खरे, पण त्यातले सहा-सात झोपेत जातात आणि मंगलदास मार्केट व्हीटीवरून पायी गाठता येते. दिवसाची वेळ वाचते ती गाडीने.

आमचा स्वतःचा तजुर्बा ऐका. लग्नसराईच्या तोंडावर मुंबईच्या एका पार्टीने साड्यांचा लॉट कमी भावात देऊ केला. दुपारपर्यंत या, म्हणाले. पुतण्याने विमानाचे तिकीट काढले. ऐनवेळी फेरी रद्द. पैसे परत मिळाले, पण लॉट मालेगावचा व्यापारी घेऊन गेला. तो रात्रीच्या गाडीने आला होता.

जळगावचा विमानतळ २०१२ साली सुरू झाला. 'उडान' योजनेखाली डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईचे विमान आले नि थांबले. २०१९ मध्ये दुसऱ्या कंपनीने सेवा सुरू केली, तीही बंद पडली. २०२४ साली गोवा, हैदराबाद, पुणे, मुंबई अशी विमाने पुन्हा सुरू झाली. तेव्हा वेळापत्रक आदल्या दिवशी फोन करून विचारावे. हैदराबादला जायचे असेल तर मात्र विमान जरूर धरावे, तिथे रेल्वेचा वळसा फार मोठा आहे.

सुरतचा मामला निराळाच. जळगाव-सुरत सरळ रेघ २८५ किलोमीटर आणि तापीकाठचा लोहमार्ग सुमारे ३१०. फरक जेमतेम २५ चा! या वाटेवर विमानाला वाचवायला काही उरलेलेच नाही. १६७४ साली इंग्रजांनी धरणगावात वखार घातली, तेव्हा इथले कापड सुरतेला जात असे. आज सुरतेचे कापड इथे येते, एवढाच बदल. तागे आणि गाठोडी विमानात चढत नाहीत. पंधरा किलोत सॅम्पलची बॅग तेवढी बसते. आमचा माल अजून रेल्वे आणि ट्रकनेच येतो, आणि उधारीचा तगादा करणारा सुरतचा माणूसही भुसावळ पॅसेंजरनेच उतरतो.