दोष अळीचा, आळ फवारणीवर

जुलै २०२५मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बोलावलेल्या चर्चेत बहुतेक वक्त्यांनी गरोदरपणातल्या नैराश्यावरच्या गोळ्यांचे धोकेच मांडले. अशी भीती मोबाइलवरून अकोल्यात पोचायला वेळ लागत नाही. तिच्या मुळाशी हिशेबाची एक चूक आहे, आणि ती कपाशीच्या वावरात चटकन कळते. जिथे फवारणी जास्त, तिथे बोंडअळीही जास्त दिसते. म्हणून फवारणीनेच अळी आली, असं वऱ्हाडातला एकही शेतकरी म्हणणार नाही. अळी होती म्हणून पंप पाठीवर चढला. तसंच गोळी घेणारी बाई मुळात आजारी असते. तिची तुलना निरोगी बाईशी केली की आजाराचा दोष गोळीच्या माथी बसतो. क्रिस्टा ह्युब्रेख्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली अमेरिकेतल्या सुमारे साडेनऊ लाख गर्भारपणांच्या नोंदी तपासल्या. वरवर पाहता दर १०,००० बाळांमागे हृदयदोष गोळी घेणाऱ्यांत ९०, न घेणाऱ्यांत ७२. पण नैराश्य असलेल्या बायकांचीच आपसात तुलना केली, त्यांचे इतर आजारही जमेस धरले, तेव्हा सेरोटोनिन गटातल्या नेहमीच्या गोळ्यांपुरता हा फरक जवळपास मावळला. या विषयातला हा सगळ्यात मोलाचा हिशेब, आणि भीतीच्या बातम्यांत नेमका तोच गळतो.

अळी, म्हणजे नैराश्य, तशीच सोडली तर? अन्न नकोसं होतं, झोप उडते, तपासणी टळते. मुदतपूर्व प्रसूती आणि कमी वजनाचं बाळ यांची शक्यता वाढते. आईच्या रक्तातलं बहुतेक कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, वारेतलं एक विकर तिथेच निष्प्रभ करतं. केवढा चोख पहारा! सततच्या चिंतेत तो ढिला पडतो, असा पुरावा आहे. मग गोळ्या अगदी निर्धोक आहेत का? नाहीत. नवजाताच्या फुप्फुसांतला रक्तदाब वाढण्याचा विरळ आजार हजारात साधारण दोघांऐवजी तिघांना होतो, काही बाळं पहिले काही दिवस किरकिरी असतात, आणि मनःस्थितीच्या चढउतारांवर दिलं जाणारं व्हॅल्प्रोएट तर या काळात टाळायलाच हवं. नुसतं बोलून बरं करा, असं कोणी म्हणेल. सौम्य नैराश्यात जरूर करावं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने नैराश्यग्रस्तांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४ टक्क्यांवरून २७वर नेलं, तेही गावातल्याच कार्यकर्त्यांच्या बळावर. पण जिला जगणंच नको झालंय, तिला केवळ बोलण्यावर ठेवणं ही हयगय आहे.

म्हणून दिवस गेल्याचं कळताच चालू गोळी आपल्या मनाने बंद करू नका. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आधी भेटा. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या गरोदर बायकांच्या तपासणीत रक्तदाब आणि वजन पाहून झालं की झोप लागत नाही, कशात जीव रमत नाही, हेही सांगा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.