कळ, तार आणि कर्णा

मुंबई-गोवा महामार्गावर हातखंबा मागे टाकून लांज्याच्या दिशेने निघालं की पाली हे गाव लागतं. लक्ष्मी-पल्लीनाथाचं देऊळ, रस्त्याची अखंड वर्दळ आणि आजूबाजूला डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या. या पट्ट्यात शिमग्याला पालखीपुढे ढोल-ताशा आणि सनई असते, नमनाला मृदंग आणि टाळ, जाखडीला ढोलकी आणि घुंगरू. परंपरेने ज्याला त्याला आपापलं वाद्य नेमून दिलेलं आहे. बेंजोला कुणी काहीच नेमून दिलेलं नाही. तरी हळदीच्या रात्री, विसर्जनाच्या दुपारी, गोकुळाष्टमीला, किंवा क्रिकेटचा चषक गावात आला की त्या संध्याकाळी पोरांना तोच हवा असतो.

लांबून आधी ढोल ऐकू येतो. वळण सरलं की त्याच्यावरून एक धातूचा, नाकातला, सतत थरथरणारा सूर येतो. कोळीगीत असो, भीमगीत असो, नाहीतर चालू सिनेमातलं गाणं असो, शब्द कुणी गात नाही. शब्द सगळ्यांना पाठ असतात, बेंजो फक्त चाल सांगतो. गोऱ्यांच्या देशात इलेक्ट्रिक गिटारने आणि बास गिटारने जे काम केलं, ते आपल्याकडे रस्त्यावर या वाद्याने केलं, असं माझं मत आहे. फरक इतकाच की त्या गिटारी कंपन्यांच्या नकाशांवर तयार झाल्या. आपला बेंजो वाजवणाऱ्यांनी, सुतारांनी आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांनी थोडाथोडा करून घडवला.

अमेरिकेतल्या कातडी मढवलेल्या, गोल तोंडाच्या बँजोशी याचा नावापुरताच संबंध. हा एक लांबट, पोकळ लाकडी पेटारा. त्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोलादी तारा ताणलेल्या, तारांखाली गिटारसारखे पडदे, आणि तारांच्या वर टाइपरायटरसारख्या कळा. कळ दाबली की तिची पट्टी तारेला पडद्यावर टेकवते, बोट उचललं की स्प्रिंग तिला परत वर फेकते. डावा हात कळांवर, उजव्या हातात नखी. चाल वाजवायच्या तारा एकाच सुरात लावलेल्या, आणि बाजूला षड्ज-पंचमाचा आस देणाऱ्या तारा. शाळकरी वयात ज्यांच्या घरी बुलबुल तरंग होता त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. बेंजो हा त्याचाच वाढलेला, अंगाने भरलेला आणि विजेवर चढलेला भाऊ.

या घराण्याचा मूळ पुरुष जपानी आहे. नागोयामध्ये गोरो मोरिता यांनी 1912 मध्ये हे वाद्य काढलं. त्याच वर्षी जपानात ताइशो राजवट सुरू झाली, म्हणून त्याचं नाव ताइशोगोतो पडलं. कोतो हे तिथलं जुनं तंतुवाद्य, शिकायला अवघड आणि घरात जागा अडवणारं. मोरितांनी त्याला टाइपरायटरच्या कळा जोडल्या, आणि ज्याला सूर कुठे आहे हे कानाने शोधता येत नाही त्यालाही तो बोटाने सापडू लागला. स्वस्त, हलकं, आकडे पाहून वाजवता येणारं हे खेळणेवजा वाद्य बोटींतून आशियाभर आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत गेलं. झांजिबारच्या ताराब संगीतात ते शिरलं. बालीत त्याचं पेंतिंग झालं. बलुचिस्तानात ते चांगलंच लांबरुंद होऊन बेंजू म्हणून मानाला पोचलं, इतकं की कराचीकडच्या बिलावल बेल्जियमसारख्या वादकाचं नाव त्याच्यामुळेच दूरवर गेलं. जपानात घरगुती करमणुकीसाठी केलेली वस्तू किनाऱ्याकिनाऱ्याने अशी वेगवेगळ्या घरी दत्तक गेली.

मुंबईत ती चाळींत, कोळीवाड्यांत आणि गिरणगावात रुजली. गल्लीगल्लीच्या बेंजो पार्ट्या झाल्या. रत्नागिरी जिल्ह्यातल्या घरटी एका माणसाचं पोट मुंबईवर चालत असताना मुंबईच्या रस्त्यावर जे वाजतं ते गावच्या रस्त्यावर पोचायला वेळ लागत नाही. गणपतीला चाकरमानी येतात तेव्हा सामानात मिठाईचे पुडे असतात तशा डोक्यात चालीही असतात. पूर्वी एसटीच्या जादा गाड्यांनी आणि 1998 पासून कोकण रेल्वेनेही त्या येऊ लागल्या.

पण रस्त्यावर आल्यावर या वाद्याची पंचाईत झाली. बैठकीत गोड वाटणारा बुलबुल तरंग ढोल-ताशाच्या शेजारी उभा केला की वादकालासुद्धा ऐकू येत नाही. नेमकी हीच अडचण साता समुद्रापलीकडे आणखी एका वाद्याची होती. अमेरिकेतल्या नाचाच्या बँडमध्ये उभा, माणसापेक्षा उंच डबल बास असायचा. तो गाडीच्या टपावर बांधून न्यावा लागे, आणि ट्रम्पेट-ड्रम सुरू झाले की त्याचा आवाज कुठे गडप होई कळत नसे. सिएटलच्या पॉल टटमार्क यांनी 1930 च्या दशकात विजेवरचा, आडवा धरायचा, पडद्यांचा बास करून पाहिला, पण तो चालला नाही. 1951 मध्ये लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बास बाजारात आणला आणि 1960 मध्ये जॅझ बास. फेंडर स्वतः गिटार वाजवत नसत. ते रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांनी सपाट लाकडी फळी घेतली, तिच्यावर 34 इंच लांबीच्या तारा चढवल्या, पडदे ठोकले म्हणजे सूर चुकायला नको, आणि तारांखाली पिकअप बसवला. आज त्या पन्नास-साठच्या दशकांतल्या बास गिटारी लोक दागिन्यासारख्या जपतात, नव्या गिटारी मुद्दाम त्यांच्यासारख्या घडवतात, रंगही मुद्दाम खरवडतात. बेंजोवर बसलेला घामाचा आणि शेंदराचा थर मात्र कुणी जुनेपणाची शोभा म्हणून मोजत नाही.

पिकअपची करामत साधी आहे. चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे घालायचे आणि ते पोलादी तारांच्या पोटाशी ठेवायचं. तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यांत तितकीच थरथरणारी बारीक वीज तयार होते, आणि ती वायरीतून अ‍ॅम्प्लिफायरकडे जाते. पेटाऱ्याच्या पोकळीला मग फारसं काम उरत नाही. म्हणूनच पितळेची तार विजेच्या बेंजोत मुकी राहते, चुंबकाला ती कळतच नाही. साध्या बेंजोला विजेवर चढवायचं म्हणजे गिटारचा पिकअप आणून तारांखाली, घोडीच्या जवळ स्क्रूने बसवायचा, पेटाऱ्याला भोक पाडून आवाजाचं बटण आणि जॅक लावायचा, आतून वायरीला डाग द्यायचा. सोल्डरिंग येणारा कुणीही हे करू शकतो, आणि कोकणात टीव्ही-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानांनी अशी कामं हौसेने केलेली आहेत. पिकअप घोडीच्या जितका जवळ तितका सूर धारदार, आत सरकवला की गोल आणि जाड. मिरवणुकीसाठी धारदारच लागतो, कारण ढोलाच्या घुमण्यातून पार व्हायचं असतं.

इथे एक जुनं दुखणं आहे. एकाच गुंडाळीचा पिकअप तारेबरोबर घरातल्या विजेची 50 हर्ट्झची गुणगुणही पकडतो. शेजारी जनरेटर धडधडत असेल तर विचारायलाच नको, गाणं थांबलं तरी कर्णे गुणगुणत राहतात. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये दोन गुंडाळ्या उलटसुलट जोडून ती गुणगुण एकमेकांत मारून टाकली. फेंडरनेही 1957 मध्ये प्रिसिजन बासचा पिकअप दोन तुकड्यांत मोडून तेच साधलं. बेंजोवाल्यांपैकी जाणकार तसाच जोड-पिकअप शोधून लावतात. बाकीचे आतून पत्रा किंवा चांदीचा कागद चिकटवतात, त्याला अर्थिंग दिलं की गुणगुण बरीच उतरते.

बदल तेवढ्यावर थांबत नाहीत. कळांच्या स्प्रिंगा बदलून हात हलका करतात. कळ खाली आदळल्याचा खटका पिकअपमधून ऐकू येऊ नये म्हणून पट्टीखाली नमद्याचे तुकडे चिकटवतात. झिजलेले पडदे काढून नवे ठोकतात, आणि हे काम नाजूक आहे. पडद्यापडद्यातलं अंतर पुढेपुढे कमी होत जातं: तारेची लांबी निम्मी केली की सप्तक चढतं आणि सप्तकाचे बारा स्वर त्या निम्म्यात ठराविक पटीने आकसत बसवायचे असतात. एक पडदा केसभर सरकला तर ते गाणं कायमचं बेसूर. शिवाय पट्टीचा प्रश्न असतो. गायक नसला तरी कीबोर्डशी जुळवायला लागतंच, म्हणून कुणी काळी एकला लावतो, कुणी पांढरी चारला, आणि तारेची जाडी त्याप्रमाणे निवडतो. जाड तार खालच्या पट्टीत ताठ राहते, बारीक तार वर चढवली तर ऐन विसर्जनात तुटते. मग वर सनमायका, आरसे, झगमगते दिवे आणि पथकाचं नाव.

वाजवण्याबद्दल नाक मुरडणारे म्हणतात, यात काय आहे, कळा तर दाबायच्या. कळांच्या वाद्यावरचा हा आक्षेप जुना आहे. पेटीला याच कारणाने आकाशवाणीने 1940 मध्ये दार बंद केलं होतं आणि ते उघडायला 1971 उजाडलं: ठोकळ स्वर, मींड नाही, श्रुती नाहीत. बेंजोवर मींड खरंच अवघड आहे. पण चांगला वादक कळ टेकल्यानंतर तिच्यावर आणखी भार देतो, तार ताणली जाते आणि सूर किंचित वर चढून लहरतो. कोळीगीतातली ती लडिवाळ वळणं तिथून येतात. तारेचा आवाज क्षणात विरतो म्हणून नखी मागेपुढे झपाझप चालवून सूर धरून ठेवावा लागतो, मनगट तासन्‌तास तसंच चालू. इको लावला की ते थोडं सुसह्य होतं आणि वस्तीच्या दोन भिंतींमध्ये वाजल्यासारखा विस्तार येतो. दक्षिणेत यू. श्रीनिवास यांनी विजेवरचं मँडोलिन पाच तारांचं करून घेतलं आणि त्यावर कर्नाटक संगीताच्या मैफली गाजवल्या. त्यांच्या वाद्याला बैठकीत मान मिळाला. बेंजोला असा एखादा श्रीनिवास मिळाला नाही, इतकंच. त्यात वाद्याचा दोष कितपत आणि आपल्या बैठकीच्या संस्कारांचा कितपत, हे वाचकाने ठरवावं. माझा कल दुसऱ्या कारणाकडे आहे.

या पथकांत बास गिटार मात्र क्वचित. ऑर्केस्ट्राच्या स्टेजवर ती उभी असते, मिरवणुकीत तिची जागा दोघांनी वाटून घेतली आहे: ढोलाची घुमक खालचा ठेका धरते, आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात खालचे सूर. 1985 मध्ये रोलँडने ऑक्टापॅड आणला तेव्हापासून तालाचाही बराच भाग रबरी चौकोनांवर गेला. सगळा संच चाकाच्या ट्रॉलीवर, मागे जनरेटर, वर कर्णे, आणि बेंजो कधी स्टँडवर तर कधी पट्ट्याने गळ्यात. ज्याला चालता चालता, धक्के खात, नाचणाऱ्यांच्या कोपरांपासून तारा वाचवत वाजवता येतं, तो खरा बेंजोवाला.

2016 मध्ये रवी जाधव यांनी रितेश देशमुखला घेऊन ‘बँजो’ नावाचा हिंदी सिनेमा काढला. निदान मुंबई-कोकणाबाहेरच्या लोकांना असं काही वाद्य आहे हे कळलं. पण रस्त्यावरच्या पथकाला सिनेमापेक्षा ध्वनिप्रदूषणाचे नियम जास्त जवळचे आहेत. 2000 सालच्या या नियमांनी निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली, आणि रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. नियम योग्यच आहेत, आजारी माणसाच्या खिडकीखाली कर्णा लावणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण डीजेच्या भिंतीने जो आवाज होतो त्याचं पाप बेंजोच्याही माथी येतं, हे खरं नाही का? भिंतीत माणूस फक्त बटण दाबतो. इथे आठ-दहा जण घाम गाळून वाजवत असतात, आणि त्यांच्यापैकी कुणी दमला की आवाज आपोआप उतरतो.

वाद्य बाळगणं हा वेगळाच संसार. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि गणपती नेमका त्यातच येतो. पोलादी तारांना दोन-तीन दिवसांत तांबूस गंज धरतो, लाकूड फुगलं की कळा अडकतात, जॅकमध्ये ओल शिरली की आवाज खरखरतो. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसणं, पिशवीत ओल शोषणाऱ्या पुड्या टाकणं, पावसाळा सरल्यावर तारा सैल करून एकदा सगळं उघडून साफ करणं, हे न करणाऱ्याचं वाद्य तीन हंगामांत भंगारात जातं. मिरवणुकीत वरून प्लास्टिक धरतात, त्याखाली वादक आणि वाद्य दोघंही उकडून निघतात.

जुना बेंजो विकत घ्यायला निघालेल्याने दिवे आणि सनमायका पाहू नये. आधी प्रत्येक कळ सावकाश दाबून पाहावी, कुठे तार झणझणते, कुठे पट्टी तिरकी बसते ते कानाने टिपावं. मग पहिला पडदा आणि सप्तक चढवणारा पडदा, दोन्हीवरचा सूर मोकळ्या तारेशी ताडून पाहावा. तो जुळला नाही तर वाद्य सोडून द्यावं, कारण पडद्यांची फळी बदलणं म्हणजे नवं वाद्य करणंच. पेटाऱ्याच्या जोडांना भेग आहे का पाहावं, तारांच्या ताणाने आधी तिथेच उकलतं. पिकअप वाईट असेल तर चिंता नको, तो बदलता येतो. आणि जनरेटरवर चढण्याआधी अर्थची वायर कुणातरी जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावी. पावसात भिजलेल्या हाताने पोलादी तारा धरायच्या असतात.