काटकुंभचा मेघनाथ, मंगरूळची शाळा आणि मधलं वऱ्हाड

कोट्यवधी वर्षांपूर्वी वऱ्हाड आणि ऑस्ट्रेलिया एकाच महाखंडात होते. एडुआर्ट स्यूस या ऑस्ट्रियन भूवैज्ञानिकाने १८८५ साली त्या महाखंडाला नाव दिलं गोंडवनलँड, म्हणजे आपल्या गोंडांच्या मुलखावरून. अंटार्क्टिकावर काम करणारा शास्त्रज्ञसुद्धा आज हेच नाव घेतो. धामणगाव रेल्वेच्या बाजारात ‘जय सेवा’ म्हणून रामराम घालणाऱ्या गोंड माणसाच्या समाजाचं नाव पृथ्वीच्या इतिहासात असं कायमचं कोरलं गेलंय!

त्याच महाखंडातल्या ऑस्ट्रेलियात दरवर्षी २७ मे ते ३ जून, तिथल्या आदिवासींशी सलोखा व्हावा म्हणून, सलोखा सप्ताह पाळतात. पहिली तारीख १९६७ च्या सार्वमताची. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त मतदारांनी आदिवासींना जनगणनेत मोजायला होकार दिला. शेवटची तारीख १९९२ च्या माबो निकालाची. इंग्रज उतरले तेव्हा ही जमीन कुणाचीच नव्हती, हा दावा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवशी फेटाळला. पुढे २००८ मध्ये पंतप्रधान केविन रड यांनी, आईबापांपासून तोडलेल्या आदिवासी लेकरांच्या पिढ्यांची संसदेत जाहीर माफी मागितली.

आपल्याकडे असा सप्ताह नाही. पण २००६ च्या वनहक्क कायद्याची प्रस्तावना काढून पाहा. आदिवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाला, अशी कबुली तिथे सरकारनेच दिली आहे. त्या कबुलीचं फळ चाखायचं असेल तर मेळघाटच्या पायथ्याचं पायविहीर गाठा. सामूहिक वनहक्क मिळाल्यावर इथल्या कोरकूंनी उजाड रान पुन्हा उभं केलं. तिथली सीताफळं मुंबईच्या बाजारात गेली आणि २०१४ मध्ये गावाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आता भाषेची गंमत. आपली मराठी आणि तांड्यावरची बंजारा बोली एका कुळातल्या. धामणगावहून यवतमाळकडे उतरा, की गोंडी आणि कोलामी कानावर पडतात. त्या तेलुगू-कन्नडच्या द्राविड घराण्यातल्या. उत्तरेला मेळघाटात चढा, की कोरकू. तिचं गोत मुंडा भाषांचं आणि त्यांचे दूरचे पाहुणे थेट व्हिएतनाम-कंबोडियात. शिवाय बुलडाण्यातल्या जळगाव जामोदकडची निहाली तर जगातल्या कुठल्याच भाषेची सख्खी बहीण नाही! एवढ्याशा वऱ्हाडात आणि आसपास भाषांची इतकी घराणी नांदतात, हे शाळेत आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं.

आणि हो, बिरसा मुंडांची मुंडारी ही कोरकूच्याच भाषाकुळातली. १५ नोव्हेंबर ही बिरसांची जयंती २०२१ पासून ‘जनजातीय गौरव दिवस’ म्हणून देशभर साजरी होते. धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकूंचं बिरसांच्या गावाशी, झारखंडच्या उलिहातूशी, असं जुनं भाषिक नातं आहे.

कोरकूंचा सगळ्यांत मोठा सण कोणता? होळी. सोयाबीन काढायला, विटा पाडायला खाली उतरलेली माणसं काहीही करून होळीला घरी पोचतात. पुढचे चार-पाच दिवस मेळघाटातल्या रस्त्यांवर ढोल-बासरीच्या तालावर नाचणारी टोळकी गाडी अडवतात आणि ‘फगवा’ मागतात. घाबरायचं काही कारण नाही. हसून खिशात हात घालायचा, जमलं तर खाली उतरून दोन पावलं नाचायचं. सणाच्या आनंदातला तो आपला वाटा आहे. याच दिवसांत काटकुंभला मेघनाथाची यात्रा भरते. उंच लाकडी खांब, त्याची पूजा, फेडले जाणारे नवस. रावणपुत्राला देव मानणारा हा समाज आपल्या शेजारी राहतो आणि त्याच्या श्रद्धेत केवढी जुनी स्मृती जपलेली आहे! पूर्वजांसाठी कोरकू लाकडाची फळी कोरतात. वर सूर्य-चंद्र, खाली घोड्यावरचा स्वार. अशी एखादी जुनी फळी दिसली, तर तिच्यासमोर दोन मिनिटं थांबाच.

९ ऑगस्टचं काय? १९८२ साली त्या दिवशी जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासीविषयक कार्यगटाची पहिली बैठक भरली, म्हणून तो जागतिक आदिवासी दिन. विदर्भात त्या दिवशी पिवळे दुपट्टे घालून मिरवणुका निघतात. चंद्रपुरात २१ ऑक्टोबरला वीर बाबूराव शेडमाके यांना अभिवादन होतं. १८५८ साली त्याच दिवशी त्यांना तिथे फाशी दिली गेली. आणि माघ पौर्णिमेला गोंदियातल्या कचारगडच्या गुहेकडे अनेक राज्यांतले गोंड लोटतात.

पण सलोख्याची खरी परीक्षा आपल्या दारातच आहे. १८७१ च्या इंग्रजी कायद्याखाली अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं गेलं. तो डाग कायद्याच्या पुस्तकातून पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. तोच विमुक्त दिन. लोकांच्या मनातून तो अजून पुसलेला नाही. त्याच जमातींपैकी फासेपारध्यांना हा डाग रोज सोसावा लागतो. तितराचा हुबेहूब आवाज काढून त्याला फाशात आणणारी, पायांच्या ठशावरून जनावर ओळखणारी ही माणसं. रानाची एवढी जाण आपल्यापैकी कितीजणांकडे आहे? तरी गावात चोरी झाली की पहिला संशय त्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर.

शेजारच्याच नांदगाव खंडेश्वर तालुक्यात, मंगरूळ चव्हाळ्याला, मतीन भोसले यांनी फासेपारधी मुलांसाठी शाळा उभी केली. ते स्वतः त्याच समाजातले; शिक्षकाची नोकरी सोडून त्यांनी हे काम हाती घेतलं. शाळेचं नाव ‘प्रश्नचिन्ह’. समृद्धी महामार्गाच्या आखणीत शाळेची काही जागा गेली, तरी शाळा उभी राहिली. ऑस्ट्रेलियाच्या संसदेतल्या माफीइतकंच मोल मला या शाळेचं वाटतं.

धामणगावकरांनो, येत्या ३१ ऑगस्टला जवळच्या पारधी बेड्यावर जा. तिथलं एखादं पोर शाळेत जात नसेल, तर त्याच्या दाखल्यासाठी त्याच्या बापासोबत मुख्याध्यापकांकडे आणि तहसीलमध्ये चला.