काशीदला जाताय? शेजारच्या फणसाडच्या जंगलात एक दिवस कसा घालवाल? गाईड का हवा?

शनिवार-रविवारी अलिबाग-मुरुड रस्त्यावर गाड्यांची रांग लागते ती काशीदच्या समुद्रासाठी. पण याच रस्त्यालगतच्या डोंगरात सुमारे ७० चौरस किलोमीटरचे फणसाड वन्यजीव अभयारण्य आहे, हे अनेकांना माहीत नसते. हे जंगल खरे कळते ते पायी, आणि तेही माहीतगार माणसासोबत.

किनाऱ्यावर एवढे जंगल टिकले कसे?

जंजिरा संस्थानच्या सिद्दी नवाबांचे हे शिकारीचे राखीव जंगल होते. शिकारीसाठी राखल्यामुळेच ते तोडीपासून बचावले. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि १९८६ मध्ये फणसाडला अभयारण्याचा दर्जा मिळाला.

दिवस कसा आखाल?

मुरुड तालुक्यातील सुपेगावकडून सकाळी लवकर प्रवेश घ्या. ऐन, किंजळ, अंजनीच्या दाट झाडीत वर पाहत चाला. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू क्वचितच जमिनीवर उतरतो. उंच फांद्यांवर काटक्या-पानांचा गोळा दिसला, तर ते त्याचे घरटे असू शकते. गारंबीचा महावेलही इथे आहे. त्याच्या शेंगा एक मीटरपेक्षा लांब वाढतात.

इथल्या पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. फणसाडगाणावरूनच अभयारण्याला नाव मिळाले. उन्हाळ्यात इतरत्र पाणी आटले की प्राणी-पक्षी गाणावर येतात. म्हणून आडोशाला गप्प बसणे हे चालण्याइतकेच महत्त्वाचे.

दुपारनंतर राजपुरीहून होडीने जंजिरा किल्ला पाहता येतो. पावसाळ्यात मात्र ही होडी बंद असते.

गाईड कशासाठी?

मोबाईलच्या नकाशावर इथली प्रत्येक पायवाट दिसेलच असे नाही. कोणत्या गाणात सध्या पाणी आहे, शेकरूचा आवाज कोणता, बिबट्याचा माग कुठे आणि कुठून मागे फिरायचे, हे स्थानिक माणूसच सांगू शकतो. शिवाय पर्यटनाचा पैसा जंगलालगतच्या गावातच राहतो.

‘पुढे जाऊ नका’ म्हटले तर?

थांबा. फणसाड परिसरात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांचा वावर आहे. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे भारतातील ही गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली. औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडाने ते खाल्ले की त्याचे मूत्रपिंड निकामी होते. जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये, तर किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅकवर २०२३ मध्ये बंदी आली.

रायगडमध्ये ही गिधाडे उंच झाडांवर घरटी करतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात किनारपट्टीवरची असंख्य झाडे पडली. त्यात मादी वर्षाला एकच अंडे घालते. एका फोटोसाठी कुणी जवळ गेले आणि पक्षी घरटे सोडून उडाला, तर त्या जोडीचे वर्ष वाया जाऊ शकते.

निघण्यापूर्वी लक्षात ठेवा

- प्रवेशाच्या वेळा आणि शुल्काची वन विभागाकडे खात्री करा.
- मातकट रंगाचे कपडे, बूट आणि पुरेसे पाणी हवे. स्पीकर नको.
- प्लास्टिक सोबत परत आणा.
- बिबट्या दिसेलच अशी अपेक्षा ठेवू नका. गाणावर तासभर शांत बसलात, तरी दिवस सत्कारणी लागेल.