बॅटरीतून फक्त पाणीच बाहेर जावे

अकोल्याचे जुने शहर मोर्णा नदीच्या पश्चिम काठावर आहे. असदगडाच्या आसपासच्या या वस्तीत गल्ल्या अरुंद आणि घरे एकमेकांना लागून. २००५ नंतरची काही वर्षे राज्यभर भारनियमन होते. पारसचे औष्णिक वीज केंद्र जिल्ह्यातच असूनही अकोला त्यातून सुटले नाही आणि घरोघरी इन्व्हर्टर आले. ते आजही आहेत. कारण मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना अर्धा तास पंखा बंद राहिला तरी जीव कासावीस होतो.

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका घरी आम्ही गेलो होतो. दोनच वर्षांपूर्वी घेतलेली बॅटरी दहा मिनिटांत मान टाकत होती. "पाणी कोणते घालता?" असे आम्ही विचारले. घरचे काका म्हणाले, "बोअरचं. पानी त पानीच असते ना, भाऊ?" प्रश्न साधा आहे. पण त्याचे उत्तर शोधू लागलो की बॅटरीची निगा कशी राखावी आणि शेवटी तिचे काय करावे, हे दोन्ही उलगडते.

पेटीच्या आत काय आहे?

इन्व्हर्टरची बॅटरी शिसे-आम्ल प्रकारची असते. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लान्ते याने १८५९ मध्ये ती प्रथम बनवली. १२ व्होल्टच्या बॅटरीत प्रत्येकी सुमारे २ व्होल्टचे ६ कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात शिशाच्या आणि शिसे डायऑक्साइडच्या पट्ट्या सौम्य सल्फ्यूरिक आम्लात बुडवलेल्या असतात. बॅटरी वापरली जाते तेव्हा दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर शिसे सल्फेट तयार होते आणि आम्ल खर्च होऊन पाणी बनते. चार्जिंग करताना नेमकी उलट क्रिया होते. म्हणूनच आम्लाच्या विशिष्ट गुरुत्वावरून बॅटरी किती भरली आहे हे कळते. पूर्ण भरलेल्या बॅटरीत ते साधारण १.२५ च्या आसपास असते, तर उतरलेल्या बॅटरीत १.१५ च्याही खाली जाते.

या साऱ्या उलटसुलट क्रियेत शिसे पेटीतच राहते, आम्लही राहते. मग पातळी का घटते? बॅटरी भरत आली की चार्जिंगच्या विजेने पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन वायू निघून जातात. फॅरेडेच्या नियमाने हिशेब करता येतो. पाण्याच्या विघटनात खर्च होणाऱ्या प्रत्येक अँपिअर-तासाला एका कप्प्यातील सुमारे ०.३४ ग्रॅम पाणी जाते. म्हणजे असे १०० अँपिअर-तास झाले तर सहा कप्प्यांतून मिळून २०० ग्रॅम पाणी उडते आणि सुमारे २७० लिटर हायड्रोजन खोलीत येतो. हवेत हायड्रोजन ४ टक्के झाला तरी ठिणगीने पेट घेऊ शकतो. बॅटरी बंद कपाटात किंवा देवघरातील समईजवळ ठेवू नये ती यासाठी.

पाणी ते पाणी नव्हे

आता काकांच्या प्रश्नाकडे येऊ. जे बाहेर गेले तेवढेच आत घालायचे, आणि बाहेर गेले ते निव्वळ पाणी. बोअरच्या पाण्यात मात्र विरघळलेले क्षार असतात. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याचा मोठा भाग तर खारपाणपट्टाच आहे. पाणी उडते आणि क्षार मागे राहतात. पुढच्या खेपेस त्यात आणखी भर पडते. क्लोराइडमुळे पट्ट्यांच्या शिशाच्या जाळ्या झिजतात. पाण्यात लोह असेल तर वापर नसतानाही बॅटरी आतल्या आत उतरते. म्हणून ऊर्ध्वपातित पाणी, म्हणजे दुकानात मिळणारे 'डिस्टिल्ड वॉटर', हेच घालावे. आर.ओ.च्या पाण्यातही थोडे क्षार उरतातच. आणि आम्ल तर कधीच घालू नये, कारण ते कमी झालेलेच नसते.

हे वर्गात सहज दाखवता येईल. काचेच्या दोन बशांत एकेक चमचा बोअरचे आणि ऊर्ध्वपातित पाणी घेऊन उन्हात ठेवा. वऱ्हाडच्या उन्हात पाणी उडायला वेळ लागत नाही. एका बशीत पांढरा थर उरेल, दुसरी जवळजवळ स्वच्छ राहील. बॅटरीत काय साचत गेले ते विद्यार्थ्यांना न सांगता कळेल.

उष्णता आणि उपास

बॅटरीचे आणखी दोन शत्रू आहेत. पहिला उष्णता. तापमान १० अंशांनी वाढले की शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. म्हणून तिला गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत न ठेवता तळमजल्यावर, सावलीत, हवा खेळेल अशा जागी ठेवावे. दुसरा शत्रू उपास. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर शिसे सल्फेटचे स्फटिक मोठे आणि कठीण होतात व चार्जिंगने विरघळेनासे होतात. सुटीत गावाला जाण्यापूर्वी ती पूर्ण भरावी.

पूर्ण भरल्यावरही एखाद्या कप्प्याचे विशिष्ट गुरुत्व इतरांपेक्षा ०.०५ ने कमी राहत असेल, पेटी फुगली असेल किंवा बॅटरी नेहमीच्या निम्माही वेळ टिकत नसेल, तर ती बदलण्याची वेळ आली असे समजावे.

मोबाइलमधील लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली. तिचे रसायन वेगळे, पण उष्णतेचे वैर तेच. ती दरवेळी पूर्ण उतरवण्याची गरज नाही. तो नियम जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांसाठी होता. फुगलेली लिथियम बॅटरी वापरू नये, दाबू नये, टोचू नये. ती पेट घेऊ शकते. तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती संकलन केंद्रात द्यावी, कचऱ्याच्या गाडीत नव्हे.

शेवटचा प्रवास

काकांची बॅटरी घ्यायला भंगारवाला तयार होता. दुकानदारापेक्षा तो थोडे जास्त पैसे देणार होता. फक्त ओझे हलके व्हावे म्हणून आम्ल गल्लीच्या नालीत ओतून देणार होता. त्याच नालीच्या काठी शेजारची मुले खेळत होती.

त्या आम्लात शिशाची संयुगे असतात. पुढे पट्ट्या उघड्या भट्टीत वितळवल्या की शिशाचा धूर आणि धूळ आसपासच्या मातीत बसते. लहान मुले मातीचे हात तोंडात घालतात आणि पोटात गेलेले शिसे त्यांच्या शरीरात प्रौढांच्या ४ ते ५ पट शोषले जाते. त्याचा घाला मेंदूच्या वाढीवर पडतो आणि ती हानी भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तातील शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही. ही भीती केवळ पुस्तकी नाही. सेनेगल देशात डाकार शहराजवळच्या एका वस्तीत लोक जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे काढीत. तिथे २००७-०८ च्या काही महिन्यांत १८ मुले दगावली.

गंमत अशी, की शिसे पुन:पुन्हा वितळवून वापरता येते. नोंदणीकृत कारखान्यात आम्ल आणि धूर दोन्ही अडवून ते काढले, तर जुन्या बॅटरीतून नवी होते. भारताच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांचा पुनर्वापर करवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. त्या इतर कचऱ्यात न मिसळता योग्य ठिकाणी देणे हे ग्राहकाचे काम. बॅटरीवरील, फुली मारलेल्या कचरापेटीचे चित्र हेच सांगते. म्हणून जुनी बॅटरी झाकणे लावून, उभी, आम्लासकट दुकानात परत द्यावी. तिची किंमत नवीच्या किमतीतून वळती होते.

काकांनी शेवटी तेच केले. जिवंत असताना बॅटरीतून फक्त पाणी बाहेर जाते; ती मेल्यावर आपल्या घरातून ती अखंडच बाहेर जावी, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ. शिक्षकांनी वर्गात एकदा विचारून पाहावे: तुमच्या घरची मागची बॅटरी कुठे गेली? उत्तर माहीत नसलेली मुलेच जास्त निघतील. ती घरी जाऊन विचारतील, तिथूनच कामाला सुरुवात होईल.