भूत, भगत आणि डॉक्टर : पांडेसऱ्याच्या प्रेक्षकांचा मागोवा

घरात काहीतरी बिनसलेलं आहे, एकाचं मन ठिकाणावर नाही आणि दोष नेमका कुणाचा ते शेवटपर्यंत कळत नाही. अशा गोष्टीवर मराठी प्रेक्षक गेली पन्नास वर्षं हिरिरीने बोलत आला आहे. वर्तमानपत्रांतली परीक्षणं ग्रंथालयांत जपली जातात. ओट्यावर भाजी निवडताना, नळावर पाणी भरताना किंवा उधन्याहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत जी मतं मांडली जातात, ती मात्र कुणी लिहून ठेवत नाही. आपला समाज मनाच्या आजाराकडे कसं पाहत आला, हे खरं तर या मतांतूनच कळतं. म्हणून पांडेसऱ्यातल्या मराठी वस्तीपुरता हा मागोवा.

सुरतच्या दक्षिण अंगाला, उधन्याला लागून पांडेसरा आहे. जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या डाइंग-प्रिंटिंग मिलांच्या आधाराने ही वस्ती वाढली. ताप्ती लाइनने धुळे, नंदुरबार आणि जळगावचे लोक आले. ओडिशा, उत्तर प्रदेश आणि बिहारचेही आले. मिलमध्ये बारा-बारा तासांची पाळी, घर म्हणजे बहुतेकांची एकच खोली. घरात अहिराणी, बाजारात गुजराती, मिलमध्ये हिंदी. महापालिकेच्या मराठी शाळांमुळे मुलांची मराठी टिकली आणि टीव्हीमुळे मोठ्यांची. नवरा-बायकोचं भांडण, सासूचं आजारपण, दिराची दारू, सगळं त्या एका खोलीत, आणि भिंतीपलीकडचा शेजारी ऐकतोय हे ठाऊक असताना. त्यामुळे पडद्यावरचा वाडा कितीही मोठा असला तरी त्यातली कोंडी इथल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

रहस्यपट मराठीत या पन्नास वर्षांच्या आधीही गाजले होते. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ 1964 मध्ये आला. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरचा हा चित्रपट इतका चालला की दोन वर्षांत त्यावरून हिंदीत ‘मेरा साया’ निघाला. पण त्यातलं कोडं होतं ते माणूस नेमकं कोण याचं. मनाचं दुखणं सर्वसामान्य प्रेक्षकांच्या चर्चेत आलं ते 1976 मध्ये, वसंत जोगळेकरांच्या ‘हा खेळ सावल्यांचा’मुळे. आशा काळे, काशिनाथ घाणेकर, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, सुधीर मोघ्यांची गाणी. नरसूच्या भुताचा भास आणि नायिकेच्या मनातली भीती यांचं नातं हळूहळू उलगडत नेणारा हा चित्रपट होता.

आमच्या आधीच्या पिढीने तो पाहिला तो खानदेशात, तालुक्याच्या टॉकीजमध्ये किंवा जत्रेतल्या तंबूत. सुरतला आल्यावर तो पुन्हा भेटला व्हिडिओवर. गणपतीत मंडळ भाड्याने टीव्ही आणि व्हीसीआर आणायचं, गल्लीच्या तोंडाशी टेबलावर टीव्ही मांडला जायचा, बायका गोधड्या अंथरून बसायच्या आणि दिवसपाळीवरून आलेले पुरुष भिंतीला टेकून उभे राहायचे. त्या पिढीला या चित्रपटाबद्दल आजही विचारा. गाणी पाठ आहेत, नरसूचं भूत आठवतं. नायिकेच्या मनावरचा घाव मात्र फारसा कुणाच्या लक्षात राहिलेला नाही. चित्रपटाने मनाचं कोडं मांडलं आणि प्रेक्षक भूत घेऊन घरी गेला. प्रेक्षकांना यात दोष देऊ नये. ज्या गावांत माणूस बडबडू लागला की आधी भगताला बोलावणं जायचं, लिंबू-नारळाचा उतारा निघायचा आणि ‘बाहेरचं लागलंय’ हेच निदान असायचं, तिथे मानसोपचार करणारा डॉक्टर दिसायचा तो फक्त पडद्यावर. सातपुड्याच्या पट्ट्यात तर एखाद्या बाईला ‘डाकीण’ ठरवून तिचं जगणं संपवण्यापर्यंत गोष्ट जायची. ही प्रथा मोडावी म्हणून अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांना नंदुरबारमध्ये अलीकडेपर्यंत झगडावं लागलं आहे.

रंगभूमीवर हाच प्रश्न 1985 मध्ये शेखर ताम्हाणे यांच्या ‘सविता दामोदर परांजपे’ने उभा केला. रीमा लागूंच्या भूमिकेची चर्चा महाराष्ट्रभर झाली. बायको आजारी आहे की तिच्यात दुसरंच कुणी बोलतंय, या एका प्रश्नावर नाट्यगृह श्वास रोखून बसायचं. पांडेसऱ्यापर्यंत हे नाटक काही आलं नाही. ते आलं 2018 मध्ये, चित्रपट होऊन, आणि तेही अनेकांच्या मोबाइलवर. तोवर इथला प्रेक्षक बदलला होता. नाटकाच्या काळात जो प्रश्न अंगावर काटा आणत होता, त्यावर तरुण मुली सरळ विचारू लागल्या : इतकी वर्षं दुखणं अंगावर काढलं, मग मानसोपचारतज्ज्ञाकडे का नेलं नाही?

हा बदल घडण्यात एका चित्रपटाचा वाटा मला मोठा वाटतो, जरी तो थरारपट नव्हता आणि पांडेसऱ्यात फार कमी लोकांनी पाहिला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 2004 चा ‘देवराई’. अतुल कुलकर्णींनी साकारलेला शेष स्किझोफ्रेनियाने ग्रासलेला आहे. सोनाली कुलकर्णींनी साकारलेली त्याची बहीण त्याला आपल्या घरी आणते आणि तिच्या संसाराची घडी विस्कटू लागते. यात भूत नाही, खलनायक नाही आणि शेवटी सगळं उकलून सांगणारा धक्काही नाही. तरी शेषच्या कानात वाजणारे आवाज ऐकताना जी धडधड होते, ती कुठल्याही भयपटापेक्षा खरी आहे. खानदेशी माणसाने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट म्हणजे या चित्रपटामागे उभे राहिलेले डॉ. जगन्नाथ वाणी मूळचे धुळ्याचे. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात ते संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीच्या स्किझोफ्रेनियाबद्दल ते उघडपणे बोलले आणि या आजाराच्या जागृतीसाठी पुण्यात त्यांनी संस्था उभी केली. आपल्याच भागातल्या माणसाने घरातलं दुखणं लपवलं नाही, त्यावर सिनेमा काढला. ही माहिती ज्यांना सांगितली, त्यांचं ‘देवराई’कडे पाहणंच बदललं.

त्यानंतर 2007 मध्ये हिंदीतून आला ‘भूल भुलैया’. मूळ गोष्ट 1993 च्या ‘मणिचित्रताळ’ या मल्याळम चित्रपटाची. तो पांडेसऱ्यात सगळ्यांनी पाहिला, आजही टीव्हीवर लागला की पाहतात. त्यात भुताचं सोंग उतरवून दाखवणारा माणूस मनाचा डॉक्टर आहे. हसत-खेळत का होईना, झपाटलेली बाई मुळात आजारी असू शकते ही कल्पना ‘देवराई’ जिथे पोचला नव्हता तिथे या चित्रपटाने पोचवली. पुढे याच नावाच्या चित्रपटांत भुतं खरी होत गेली. गर्दी तरीही झाली, पण पहिल्या भागाशी तुलना करताना मिलमधला पोरगाही म्हणतो की त्यात ‘कायतरी समजावलं होतं’. मनोरंजन आणि समज यांतला फरक प्रेक्षकाला कळतो, हे यातून दिसतं.

मग आली ती मालिका जिने खोल्या-खोल्यांत भांडणं लावली. झी मराठीवर 22 फेब्रुवारी 2016 ला ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली. नावही ‘हा खेळ सावल्यांचा’मधल्या गाण्यावरूनच घेतलेलं. सिंधुदुर्गातल्या आकेरीचा नाईकांचा वाडा, घरातले कर्ते अण्णा यांचा मृत्यू, जमिनीचे वाद, एकमेकांवरचा संशय आणि प्रत्येक घटनेचं कारण शोधू पाहणारी मुंबईची सून निलिमा. कोकणातून तक्रारी आल्या की मालिकेमुळे अंधश्रद्धा पसरते, कोकणची बदनामी होते. इथे चर्चा वेगळीच होती. अहिराणी बोलणाऱ्यांना मालवणी अर्धीच कळायची, पण जमिनीवरून भावाभावांत पेटलेला वाद पूर्ण कळायचा. गावची दोन-चार एकर शेती, सुरतला आलेला भाऊ, गावी राहिलेला भाऊ आणि सातबाऱ्यावरचं नाव. हे तर इथल्या निम्म्या घरांचं दुखणं आहे.

रात्री साडेदहाची वेळ मला चांगली आठवते. रातपाळीवाले मिलमध्ये गेलेले. आमच्या गल्लीत एका खोलीत पाच-सहा बायका जमायच्या, दार आतून लावून, मुलांना भिंतीकडे तोंड करून झोपवून. एका रात्री नाईकांच्या घरातल्या कुणाच्या वागण्यावर वाद पेटला. कुणी म्हणालं, घराला वास्तुदोष आहे. कुणी म्हणालं, करणी आहे. कोपऱ्यात वाती वळत बसलेली एक मोठी माय मान वर न करता म्हणाली, “तिले काहीच लागेल नही, ती बिमार शे.” खोली गप्प झाली. पुष्कळ वर्षांपूर्वी तिच्या बहिणीला गावी भगताकडे नेलं होतं, साखळीने बांधून ठेवलं होतं. ती बहीण पुढे फार जगली नाही. मालिकेवरचं हे मत तिने तिथून आणलं होतं. कुठल्याही समीक्षेपेक्षा मला ते मोलाचं वाटतं.

जानेवारी 2019 मध्ये दुसरं पर्व आलं आणि चित्र पालटलं. आता गोष्ट अण्णांच्या भूतकाळाची होती. माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरांची शेवंता घराघरांत पोचली. लोकप्रियता वाढली, पण बोलणं बदललं. पहिल्या पर्वात ‘असं का होतंय’ हा प्रश्न होता. दुसऱ्यात ‘पुढे काय होणार’ एवढाच उरला. बायका मात्र अण्णांच्या बायकोवर, माईंवर बोलत राहिल्या. नवऱ्याची दहशत, त्याच्या बाहेरख्याली वागण्याची उघड चर्चा आणि तरी घर धरून बसलेली बाई. घरात भय पसरवायला भूत लागत नाही, त्याला अण्णा पुरेसा आहे, हे शेजारणींनी मला त्या काळात वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. माझ्या मते मालिकेचं खरं यश तिथे आहे, शेवंताच्या झळाळीत नाही.

मग टाळेबंदी आली. मार्च 2020 च्या अखेरीस गावी जाऊ द्या म्हणत पांडेसऱ्यात कामगार रस्त्यावर उतरले, पोलिसांशी झटापट झाली. मिला बंद, पगार नाही, माणसं एका खोलीत अडकलेली. मालिकांचं चित्रीकरणही थांबलं होतं, जुनेच भाग पुन्हा लागत होते. त्या दिवसांत झोप उडालेली, छाती धडधडणारी, उगाच चिडणारी माणसं मी भोवती पाहिली. त्यांना कुणी झपाटलेलं म्हटलं नाही. ‘टेन्शन आलंय’ असं लोक सहज म्हणू लागले. ऑगस्ट 2020 मध्ये दुसरं पर्व संपलं तेव्हा प्रेक्षक पहिल्यासारखा उरला नव्हता. मनाचं दुखणं त्याने स्वतःच्या खोलीत अनुभवलं होतं.

2023 चा गुजराती ‘वश’ आणि त्यावरून 2024 मध्ये हिंदीत आलेला ‘शैतान’ यांना इथे मिळालेला प्रतिसाद या पार्श्वभूमीवर पाहायला हवा. अनोळखी माणूस घरात शिरतो आणि मुलीच्या मनाचा ताबा घेतो, आईबाप हतबल. कृष्णदेव याज्ञिक यांच्या ‘वश’मधल्या जानकी बोडीवालाच्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो मिळायलाच हवा होता. आईबाप थिएटरमधून सुन्न होऊन बाहेर पडले. मोबाइलवर कोण बोलतं, दारात कोण येतं, ही त्यांची रोजची भीती पडद्यावर आली होती. पण वशीकरणाला खरं मानून रंगवलेली ही गोष्ट आहे आणि त्याबद्दलची नाराजीही मी ऐकली. ऑगस्ट 2024 मध्ये गुजरात विधानसभेने नरबळी आणि काळ्या जादूविरुद्ध कायदा केला. महाराष्ट्रात असा कायदा 2013 मध्येच आला होता. कायदा अघोरी प्रथांना गुन्हा म्हणतो आणि पडदा त्यांना सामर्थ्य देतो, ही विसंगती प्रेक्षकाच्या नजरेतून सुटत नाही.

2024 च्याच ऑक्टोबरमध्ये आलेल्या ‘मानवत मर्डर्स’ने या विसंगतीला उत्तर दिलं असं मी मानतो. परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये 1972 ते 1974 या काळात झालेल्या हत्यांवरची ही मालिका रमाकांत कुलकर्णी या पोलीस अधिकाऱ्याच्या तपासाच्या मागे चालते. मूल व्हावं, गुप्तधन मिळावं या हव्यासापोटी एका घरातून मृत्यू पसरत जातो. जादूत इथे काडीची ताकद नाही. तिच्यावरच्या विश्वासात मात्र माणसं मारण्याइतकी आहे. मी ज्यांच्याबरोबर ती पाहिली, त्या पोरांनी शेवटी भुताबद्दल काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, गावातल्या कुणाला आधी संशय कसा आला नाही?

पन्नास वर्षांतला प्रवास हा असा आहे. नरसूच्या भुतापासून सुरू झालेली चर्चा आता शेजाऱ्यांच्या जबाबदारीपर्यंत आली आहे. भुताला आजही गर्दी होते, पुढेही होईल, आणि घाबरून घ्यायची हौस वाईट नाही. पण इथला प्रेक्षक अडाणी आहे, त्याला भूतच लागतं, हा निर्मात्यांचा समज चुकीचा आहे. पांडेसऱ्यातल्या बायकांनी पडद्यावरच्या आजारी बाईला माणूस म्हणून ओळखलं. लेखक-दिग्दर्शकांनी निदान तेवढी बरोबरी करावी. कथेत डॉक्टर आणला तर त्याला शेवटी खोटा पाडू नका.

आणि वाचकांना एक विनंती. असा चित्रपट पाहून घरातलं कुणी डोळ्यांपुढे आलं, तर ती गोष्ट दाबून ठेवू नका. सुरतच्या नव्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे. सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, तिथे मराठी आणि गुजराती दोन्हींत बोलता येतं. नंबर 14416. घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा.